दुसऱ्या घरची सुपारी

जोडे धाकट्या भावाच्या, रईसच्या बाज्यात लपवावेत हा काही खैरुनचा पहिला विचार नव्हता. पहिला विचार पिठाच्या डब्याचा होता, दुसरा कोळशाच्या पोत्याचा. पण डब्यात पीठ होतं, पोत्यावर मांजर व्यालं होतं आणि दारात भंगारवाल्याची सायकल येऊन उभी राहिली होती. भाची अमरीन घरभर आपले जोडे शोधत फिरत होती. अंगणात बँडचं सगळं सामान पुसून मांडलेलं होतं आणि त्यात रईसचा तो मोठा पितळी बाजा, परातीएवढं तोंड वर करून पडला होता. खैरुनने एक जोडा आत सोडला, दुसरा सोडला, वरून पुसायचं फडकं कोंबलं आणि लाल कोटाला बटण लावायला बसली. आता कोणी विचारलं तर खैरुन म्हणणार, जोडे म्हणजे काय असतं?

जोडे धावायचे होते, खालून खिळे असलेले. मोच्याने तीनदा तळ सांधून दिलेला. त्याच जोड्यांवर अमरीन दोन महिन्यांपूर्वी चेन्नईला बधिरांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोनशे मीटर धावली आणि सोन्याचं पदक घेऊन आली. गेली जनरल डब्यात, संडासाच्या दाराशी पेपर अंथरून, आणि आलीही तशीच. बल्लारपूर स्टेशनवर तिला घ्यायला दोघंच होते, फुफी म्हणजे आत्या खैरुन आणि फलाटावरची एक शेळी.

बाजेवाल्या गल्लीतल्या पोरीसाठी पिपाणीसुद्धा वाजली नाही, हे त्या गल्लीत कोणाला नवल वाटलं नाही. कारण हाफिज मास्तर. खैरुनचे वडील, अमरीनचे दादा म्हणजे आजोबा, बँडचे मालक. वय बहात्तर, दात चार, नियम तीन. सुपारी घेतल्याशिवाय वाजवायचं नाही. घरच्यांसाठी वाजवायचं नाही. आणि धून सुरू झाली की ती दाराशी जाऊनच थांबवायची, मध्ये नाही. हे नियम त्यांच्या आजोबांनी घातले होते, आणि दुसऱ्या नियमाला तसं कारणही होतं. घरच्यांसाठी फुकट वाजवायला लागलं तर आज साडूच्या घरचं बारसं, उद्या भाच्याची सुंता, बँडवाल्यांनी खायचं काय? म्हणून या घरातल्या प्रत्येक लग्नाला भद्रावतीहून परका बँड यायचा. खैरुनच्या लग्नातही तोच आला होता आणि पहिल्या धुनीपासून बेसूर होता. तेव्हाच कळायला पाहिजे होतं, असं ती अजून म्हणते. सहा वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परतली. त्यालाही आता एकवीस वर्षं झाली.

"फुफी, माझे जोडे?" अमरीन पुढ्यात येऊन उभी राहिली. दोन्ही मुठी तिने पळत्या पायांसारख्या हलवल्या. तिच्या हातांचं बोलणं खैरुनला लहानपणापासून येई, आणि मनात ते थेट बल्लारपुरी बोलीतच उमटे.

खैरुनने सुईदोरा वर करून दाखवला. हात गुंतलेत. खरं म्हणजे तोंडाने ती हवं तितकं खोटं बोले, हातांनी मात्र तिला जमत नसे.

"भंगारवाला थांबला आहे," अमरीन म्हणाली. "लोखंडाचे खिळे आहेत. घेईल तो."

खैरुनला सुई खाली ठेवावीच लागली. "सोमवारची गाडी आहे तुही. हैद्राबादच्या शिबिराले अनवाणी धावशील का?"

"मी जातच नाई."

हे ती पंधरा दिवसांपासून म्हणत होती. हैद्राबादच्या शिबिरातून जानेवारीत ऑस्ट्रेलियाला होणाऱ्या बधिरांच्या जागतिक स्पर्धेसाठी पोरं निवडणार होते. अमरीनने प्रवासखर्चासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, सदर स्पर्धा मान्यताप्राप्त क्रीडाप्रकारांच्या यादीत समाविष्ट नसल्याने प्रवासखर्च, साहित्य अथवा सत्कार यांपैकी काहीही अनुज्ञेय नाही. त्या पत्राने ती एवढी खचली नव्हती. सरकारचं पत्र ते सरकारचं पत्र. तिकिटाची सोय अजीमने, तिच्या बापाने, आपली सायकल विकून केली होती. पण तेच पत्र आणि ते पदक घेऊन ती दादांसमोर उभी राहिली आणि हातांनी एवढंच म्हणाली, शाल नको, नारळ नको, फक्त एक मिरवणूक. आपल्या गल्लीपासून स्टेशनापर्यंत. हाफिजनी पत्र दोनदा वाचलं. "सरकारनंच मानलं नाई त्याची मिरवणूक काढली तर लोक हासतीन," ते म्हणाले. "अन् घरच्यासाठी आपण वाजवत नाई." अमरीनने ते ओठांवरून वाचलं आणि जोडे, नाड्या एकमेकींत बांधून, खुंटीला लटकवले.

"सात वर्षं झाली ढोल वाजवून राह्यली," आता ती भरभर हात हलवत होती. "नवरदेव झाले, नगरसेवक झाले, गणपती झाले. सगळ्यांच्या पुढं मी. माझ्या पुढं कोण? जिच्यासाठी घर वाजवत नाई, तिच्यासाठी सरकार काऊन वाजवन? अन् मी तरी कोणासाठी धावू?"

चार वर्षांची असताना हिची आई गेली तेव्हापासून खैरुनने हिला वाढवलं होतं. हिच्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे काहीतरी उत्तर असे, बरं नाहीतर वाईट. आज तिने जाऊन भंगारवाल्याला हाकलून दिलं, जोरात.

आणि नेमका त्याच वेळी लोकेश आला. अंगावर सरकारी निळा ट्रॅकसूट, पायात नवेकोरे पांढरे जोडे. कोळसा खाणीतल्या मजुराचा हा पोरगा. अमरीन आणि तो एकाच मैदानावर पहाटे धावत. आज चार वाजता त्याचा नागरी सत्कार होता, स्टेशनापासून नगरभवनापर्यंत मिरवणूक, आणि मिरवणुकीची सुपारी होती हाफिज ब्रास बँडची. लोकेश धावण्यात राज्यात तिसरा आला होता.

"फुफी, मले तोंड दाखवाले लाज वाटून राह्यली," तो उंबऱ्यावरच म्हणाला. "मी तिसरा, हे पहिली. मैदानात हे मले पाच पावलं मागं टाकते. अन् जोडे मले, ट्रॅकसूट मले, एसी डब्याचं तिकीट मले. मी त्या सत्कारवाल्या गुणवंतरावले म्हटलं, दोघांचा सत्कार करा. तर म्हणते, यादी वरून येते, लेका."

"वरून म्हणजे कुठून?" खैरुनने विचारलं. "अल्लाकडून?"

"मले काय माहीत. साहेब येणार आहेत आज, ज्यायची हिच्या पत्रावर सही आहे ते."

अमरीनने त्याच्या पाठीत धपका घातला आणि त्याचे नवे जोडे वाकून पाहिले. अंगठ्याने तळ दाबून पाहिला, मान डोलावली. त्या मान डोलावण्यात हेवा नव्हता म्हणूनच खैरुनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग ती गप्प बसली नाही. गप्प बसणं तिच्या कुंडलीतच नव्हतं, असं तिचे दोघे भाऊ म्हणत. हाफिज कोट घालायला आले तेव्हा तिने सगळ्यांसमोर विषय काढला.

"अब्बा, आज परक्याच्या पोट्ट्यासाठी वाजवून राह्यले ना? मंग येताना दोन धुना आपल्या पोट्टीसाठी वाजवा."

"सुपारी कोणी देल्ली?"

"आता घरच्या पोट्टीसाठी सुपारी कोण देईन?"

"मंग संपलं."

रईस, धाकटा भाऊ, नेहमी तिच्या बाजूने असे. बँड विकून डीजे घ्यावा हे त्याचं मत होतं आणि नियम मोडणारं काहीही त्याला गोड लागे. "अब्बा, दोन हजार चार साल चालू आहे," तो म्हणाला. "नियम बदलतेत."

"तू आधी तो बाजा नीट वाजव. मंग नियम बदल."

थोरला अजीम, अमरीनचा बाप, क्लॅरिनेटची वेताची जीभ ओली करत बसला होता. त्याने वर पाहिलंच नाही. अजीम जगातल्या सगळ्या भांडणांत क्लॅरिनेटच पुसत असे.

"भाईजान, तुमची पोट्टी आहे," खैरुन म्हणाली. "तोंड उघडा ना."

"खैरुन!" हाफिजनी छडी जमिनीवर आपटली. "किती बार सांगू? तू दुसऱ्या घरची. या घरच्या नियमात बोलू नको."

हे वाक्य एकवीस वर्षांत तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते भिंतीवर लिहून ठेवलं असतं तरी चाललं असतं. घर रंगवायचं असो की बकरी विकायची, दुसऱ्या घरची. राशन कार्डावर तिचं नाव अजून भद्रावतीला दिराच्या कार्डावर होतं, दर वर्षी ती म्हणे इथं चढवा आणि दर वर्षी हाफिज म्हणत, तुझं नाव तिकडचं. तिने बटव्यातून सुपारीचं खांड काढून तोंडात टाकलं आणि ढोलाचा पट्टा घेऊन बाहेर निघून गेली.

चार वाजता स्टेशनासमोर नुसती जत्रा. शाळेची लेझीम, फुलांनी मढवलेली उघडी जीप, जीपमध्ये लोकेश हार घालून, आणि शिट्टी घेऊन धावणारे सत्कार समितीचे गुणवंतराव. सगळ्यांच्या पुढे हाफिज ब्रास बँड, लाल कोट, सोनेरी दोऱ्या, आणि बँडच्या अगदी पुढे पोटाला मोठा ढोल बांधलेली अमरीन.

बहिऱ्या पोरीच्या हाती ढोल कसा, असं बाहेरगावचे लोक विचारत. हाफिज सांगत, "ऐकणाऱ्याचं ध्यान भटकते. हिचं भटकत नाई." बाराव्या वर्षापासून तिचा ठेका एकदाही ढळला नव्हता. पोटातून येतो म्हणे तो तिला. बँडची रीत अशी की सगळे वाजवणारे ढोलामागे चालायचे, ढोल जिथे वळेल तिथे बँड, आणि बँड जिथे वळेल तिथे वरात. मात्र अमरीनला मागून हाक देऊन उपयोग नाही. म्हणून तिच्या शेजारी खैरुन चाले. उजव्या खांद्याला हात लावला की उजवीकडे, डाव्या खांद्याला की डावीकडे, पाठीवर थाप की थांब. आणि हाफिज मास्तर सर्वांच्या पुढे, बँडकडे तोंड करून, छडी फिरवत उलट्या पावलांनी. पन्नास वर्षांत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. तो त्यांचा थाट होता.

धून सुरू झाली. आणि रईसच्या बाज्यातून जो आवाज आला तो ऐकून लेझमीची पोरं थबकली. फुस्स, असा. जणू म्हशीने उसासा टाकला.

"बाज्याले सर्दी झाली!" रईस ओरडला. त्याने आणखी जोर लावला. गाल फुगले, डोळे बाहेर आले. फुर्र.

खैरुनला आठवलं. जोडे! तिने तोंडाला पदर लावला. हसू की रडू अशी गत. आतमध्ये सोन्याचं पदक जिंकणारे जोडे बसलेत आणि हा त्यांना फुंकून राह्यला. पदराआड तिला अशी काही उबळ आली की शेजारून चालणाऱ्या अमरीनने चमकून पाहिलं.

चौक आला. उजवीकडे नगरभवन, तिथे मांडव, साहेब आणि हार. डावीकडे बाजेवाली गल्ली. खैरुनने उजव्या खांद्यासाठी हात उचलला, आणि त्याच क्षणी, कुठून कोण जाणे, सकाळचं ते वाक्य तिच्या डोक्यात आलं. तू दुसऱ्या घरची. या वेळी मात्र ते लागलं नाही. ते असं खुललं की तिला भररस्त्यात टाळी वाजवावीशी वाटली. दुसऱ्या घरची! अगं बाई, मग अडलं कुठे?

तिने अमरीनच्या डाव्या खांद्याला हात लावला.

अमरीनने मान वळवून पाहिलं. डोळ्यांनी विचारलं, डावीकडे? खैरुनने पुन्हा डावाच खांदा दाबला, घट्ट. फुफीचा हात सात वर्षांत कधी चुकला नव्हता. अमरीन डावीकडे वळली. ढोलामागे अजीमचं क्लॅरिनेट वळलं, रईसची म्हैस वळली, ट्रंपेटं वळली, त्यांच्यामागे लेझीम, लेझमीमागे फुलांची जीप, जीपमागे अर्धं बल्लारपूर.

"उजवीकडे! अरे उजवीकडे!" गुणवंतराव शिट्टी फुंकत मागून धावले. पण बँडच्या त्या दणदणाटात सगळी वरातच बहिरी झालेली. ज्यांनी त्यांचे हातवारे पाहिले त्यांना वाटलं, गुणवंतराव नाचून राह्यले. दोघाचौघांनी त्यांना आत ओढून घेतलं.

गल्ली अरुंद. जीपच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एक माणूस चालेल एवढी जागा. बायका गच्चीवर आल्या, बकऱ्या ओट्यांवर चढल्या, कोणीतरी वरून मूठभर चुरमुरे उधळले आणि ते नेमके रईसच्या बाज्यात गेले. त्याचा आवाज आणखी बसला. हाफिज मास्तर उलट्या पावलांनी ऐटीत येत होते. आधी त्यांना मशिदीची भिंत दिसली, मग आपल्याच गल्लीतलं पिठाचं दुकान, आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर चढायला लागल्या. पण तिसरा नियम त्यांचाच होता. धून मध्ये थांबवायची नाही. छडी फिरत राहिली, डोळे खैरुनला जाळत राहिले आणि पावलं मागे मागे जात राहिली, ती थेट त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्याला अडेपर्यंत.

खैरुनने अमरीनच्या पाठीवर थाप दिली. धून थांबली.

"खैरुन!"

"जी अब्बा."

"वरात कुठी आणली?"

"दाराशी. धून दाराशीच थांबते ना?"

"कोणाच्या दाराशी?" मास्तरांचा आवाज चिरकला.

खैरुनने कमरेचा बटवा काढला. त्यातून एक अख्खी सुपारी आणि सव्वा रुपया घेतला, तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला. "हे घ्या. माझी सुपारी. अमरीनची मिरवणूक, इथून नगरभवनापर्यंत."

सगळी गल्ली पुढे वाकली. गच्चीवरच्या बायासुद्धा.

"घरच्यासाठी वाजवत नाई," हाफिज म्हणाले.

"घरच्यासाठी कोण म्हणून राह्यलं? सुपारी देणारी मी. अन् मी तर दुसऱ्या घरची. तुमीच म्हणता. सकाळी म्हटलं, काल म्हटलं, एकवीस वर्षं म्हणून राह्यले. माझं नाव कोणच्या राशन कार्डावर आहे, सांगा गल्लीले."

"भद्रावतीच्या!" गच्चीवरून कोणीतरी सांगितलं. गल्लीला सगळं माहीत असतं.

"काहीतरी बोलू नको!" हाफिज लालबुंद झाले. "तू माझी पोट्टी आहेस. तू घरचीच आहेस!"

हे ऐकायला तिला एकवीस वर्षं लागली होती. क्षणभर तिचा हात खाली आला. पण मग तिने तो पुन्हा वर उचलला, कारण अमरीन ढोलाआडून आळीपाळीने दोघांच्या ओठांकडे टक लावून पाहत होती.

"आज घरची झाली? हरकत नाई. मंग उद्याच कार्डावर नाव चढवा, अन् घरची म्हणून मी नियमात बोलीन. पहिला बोल हाच, का अमरीनसाठी वाजवा. नाईतर दुसऱ्या घरची ठेवा अन् सुपारी घ्या. दोनातलं एक."

आता गल्ली खदखदून हसली. हाफिजनी मदतीसाठी थोरल्या मुलाकडे पाहिलं. अजीम क्लॅरिनेट पुसत होता. पुसता पुसता थांबला. त्याने ते बाजूच्या ओट्यावर ठेवलं, आणि ज्या माणसाने आईच्या मयतीतही दोन वाक्यं सलग बोलली नव्हती तो बोलायला लागला.

"अब्बा, सुपारी घ्या. नाईतर मी आता या घरातून निघतो. निघालो का मीही दुसऱ्या घरचा. मंग मी देतो सुपारी. माझी पोट्टी स्टेशनावर उतरली तवा मी कारखान्यात कामावर होतो. घ्यायले बापच नोहता. ते मले रोज दिसते."

"मीही निघतो," रईस म्हणाला. "मंग बँडात तुमी एकलेच राहान, अब्बा. छडी वाजवजा."

हाफिजनी शेवटचा आधार शोधला. "एक सुपारी चालू असता दुसरी घेत नाई. लोकेशची मिरवणूक बाकी आहे."

जीपमधून धप्पकन उडी ऐकू आली. लोकेश गळ्यातला हार सावरत पुढे आला. "मास्तर, माझी मिरवणूक दारापोच झाली. कोणाच्या दारापोच, ते ठरलं नोहतं. जीप खाली आहे, रिकामी."

"खाली कशी?" गुणवंतराव गर्दीतून एकदाचे वर आले. टोपी गेलेली, केसांत चुरमुरे. "साहेब तिथी वाट पाहून राह्यले! अरे, यादीत हिचं नाव नाई!"

त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळे हाफिजच्या हाताकडे पाहत होते. तो हात हळूच पुढे आला. सव्वा रुपया खिशात गेला. सुपारी दोन बोटांत राहिली. आता रीत अशी की सुपारी कबूल म्हणजे मास्तरने ती स्वतःच्या दाताने फोडायची, आणि मास्तरांना दात चार, त्यातले समोरासमोर फक्त दोन. इतकी वर्षं ती फोडल्याचं नाटक करून ते अजीमकडे अडकित्त्याला देत. आज तीनशे माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

त्यांनी सुपारी उजवीकडे घेतली. मान वाकडी केली. डोळे मिटले. कट्ट!

अशी आरोळी उठली की मशिदीवरची कबुतरं उडाली. दात फुटला की सुपारी, हे कोणालाच कळलं नाही, आणि मास्तरांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लोकांनी जीप मशिदीसमोर वळवून घेतली आणि अमरीनला चौघांनी उचलून जीपमध्ये उभं केलं. तिने चपला काढल्या, का कोण जाणे, देवळात चढल्यासारख्या. पण आता मोठा ढोल कोण वाजवणार? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हाफिजनी छडी रईसच्या काखेत खोचली. "आणा इकडं. मी ढोलावरच वाढलो." ढोल त्यांच्या पोटाला झेपेना, तेव्हा तो जीपच्या बॉनेटवर दोरीने बांधला, आणि बहात्तर वर्षांचे मास्तर जीपच्या बाजूने चालत त्यावर टिपरू मारायला लागले.

"अन् मी कुठी चालू?" खैरुनने विचारलं. तिच्या हाताला आता काम उरलं नव्हतं.

"सुपारीवाले सगळ्यायच्या पुढं चालतेत," हाफिज तिच्याकडे न पाहता म्हणाले. "नियम आहे."

ती पुढे झाली. पदर खोचला, बटवा कमरेला लावला आणि चालली. मागे सगळा बँड. ढोलाचा ठेका बॉनेटमधून जीपमध्ये, जीपमधून अमरीनच्या उघड्या तळव्यांत गेला तशी ती दचकली. मग तिचा सगळा चेहरा उघडला. तिने खाली पाहिलं, पायांकडे, मग दादांकडे. आणि मग कपाळाला आठी घातली, कारण दादांचा ठेका चुकत होता. ती जीपमधून वाकली आणि त्यांच्या खांद्यावर बोटांनी ठेका धरायला लागली, धप धप, धप. मास्तरांनी तो पकडला. चार पावलांनी पुन्हा सोडला. तिने पुन्हा धप धप. चौकापर्यंत असंच चाललं, आणि गच्चीवरच्या बायका रडत होत्या की हसत होत्या, त्यांनाच ठाऊक.

चौकात खैरुन या वेळी कुठेही वळली नाही, सरळ नगरभवनाकडे गेली.

नगरभवनाच्या पायरीवर साहेब ताटकळत उभे होते. हातातला हार कोमेजला होता. जीप समोर थांबली, त्यांनी हार उचलला आणि तसाच धरून ठेवला. "ही कोण? लोकेश कुठे आहे? आमच्या यादीत ही मुलगी नाही."

"साहेब, यादी तुमची," हाफिज धापा टाकत म्हणाले. "वरात आमची. आमी सुपारी घेतली आहे."

लोकेशने गळ्यातला हार काढून अमरीनच्या गळ्यात घातला. साहेबांनी जरा विचार केला, मग हातातला हारही, रिकामा गळा समोर होता म्हणून, लोकेशलाच घातला. टाळ्या दोघांना मिळून पडल्या आणि कोणाला किती हे काही कोणी लिहून घेतलं नाही. खैरुनने पुढे होऊन बटव्यातलं ते पंधरा दिवसांपूर्वीचं पत्र साहेबांच्या हातात ठेवलं. "हे तुमचं. आमाले घरात जागा नाई ठेवायले," ती म्हणाली. साहेबांनी सही ओळखली आणि पत्र घडी करून खिशात घातलं.

एवढ्यात अमरीन जीपमधून उतरली. फुफीसमोर येऊन तिने दोन मुठी पळत्या पायांसारख्या हलवल्या. जोडे कुठी आहेत?

खैरुनने रईसला खाली बसवलं, त्याच्या बाज्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडकं, चुरमुरे, एक जोडा, दुसरा जोडा असं सगळं बाहेर काढलं. रईस आ वासून पाहत राहिला. मग त्याने बाजा तोंडाला लावला आणि दिवसभराची कसर काढून असा काही फुंकला की साहेब दोन पायऱ्या मागे गेले.

अमरीन पायरीवर बसून जोडे घालत होती. नाड्या बांधता बांधता तिने दादांकडे पाहिलं आणि हात हलवले. बराच वेळ, भरभर.

"काय म्हणते?" हाफिजनी विचारलं.

"म्हणते, तुमचा ठेका पूर्ण रस्ताभर चुकला," खैरुन म्हणाली. "परत आल्यावर शिकवीन म्हणते."

"कुठून परत आल्यावर?"

खैरुनने अमरीनच्या पायांतल्या जोड्यांकडे बोट दाखवलं.